सिद्धेशच्या मोटारसायकलीचा तौलनिक तक्ता

महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुपारची जेवणं उरकल्यावर, ज्ञानदेव येळवंडे यांना त्यांच्या मुलानं पोर्तुगालहून व्हिडिओ कॉल करून एक प्रश्न विचारला. साडेतीनशे सीसीची ‘सुभेदार’ घ्यावी, की चारशे सीसीची ‘झेनो’? दोन्ही गाड्या वापरलेल्या होत्या आणि दोन्ही त्याच्या तुटपुंज्या शिलकीत कशाबशा बसत होत्या. गंमत म्हणजे दोन्ही चाकणच्याच होत्या. ज्ञानदेवांच्या गच्चीवरून ज्या दोन कंपन्यांच्या शेड दिसत, तिथंच त्या जन्मल्या, कंटेनरात बसल्या, समुद्र ओलांडून गेल्या आणि तिकडे उतरताच दुप्पट महाग झाल्या.

मुलाचं नाव सिद्धेश. डिप्लोमा करून तो सात महिन्यांपूर्वी तिकडे गेला होता आणि बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात मशीनवर होता. गावात कुणी चौकशी केली, तर ज्ञानदेव ‘पॅकेजिंग इंडस्ट्रीत आहे’ असं सांगत. त्यांचा चुलतभाऊ खंडू मात्र ‘पोरगं तिकडं बुचं करतंय’ असं सांगून मोकळा होई. कारखाना सिद्धेशच्या खोलीपासून अकरा किलोमीटरवर, शिफ्ट सकाळी सहाची आणि पहिली बस साडेसातची. आजवर एक नेपाळी सहकारी त्याला आपल्या स्कूटरवर मागे बसवून नेत असे. तो महिनाअखेरीला दुसऱ्या गावी निघाला होता. म्हणजे एक तारखेपासून सिद्धेशला स्वतःचं वाहन हवं, नाहीतर नोकरीला मुकावं लागणार, असा सगळा सरळ मामला होता.

“मग सांगा पप्पा, कोणती घेऊ?”

“कोटेशन किती आलीत?” ज्ञानदेवांनी विचारलं.

“कोटेशन नाहीत पप्पा, गाड्या आहेत. दोन.”

“दोनवर निर्णय होत नसतो. तीन लागतात.”

इथं कुणी ज्ञानदेवांना हसू नये. रबरी बुश आणि वॉशर बनवणाऱ्या एका कंपनीच्या परचेस खात्यात त्यांची सत्तावीस वर्षं गेली होती. तिथं झाडू घ्यायचा तरी तीन पुरवठादारांचे दर, दरांचा तौलनिक तक्ता, त्यावर शेरा आणि शेऱ्यावर सही लागे. घरातही त्यांनी तीच शिस्त लावली होती. रोहिणीताईंशी लग्न ठरवताना त्यांनी आणखी दोन मुली पाहिल्या होत्या. पसंती पहिलीलाच होती, पण तीन झाल्याशिवाय होकार कळवला नव्हता. रोहिणीताईंनी ही गोष्ट अठ्ठावीस वर्षं मनात ठेवली होती.

पण या प्रश्नानं ज्ञानदेव मनातून हलले, त्याचं कारण मोटारसायकल नव्हती. सिद्धेशनं त्यांना काही विचारल्याला नऊ वर्षं झाली होती. दहावी झाल्यावर त्यानं ‘कोणत्या कॉलेजात जाऊ’ असं विचारलं होतं. ज्ञानदेवांनी तीन कॉलेजांची माहितीपत्रकं मागवली, तक्ता केला, दोनदा स्पष्टीकरण मागवलं आणि निर्णय होईपर्यंत तिन्ही ठिकाणचे प्रवेश बंद झाले. पोरगा शेवटी घरापासून चाळीस किलोमीटरवरच्या डिप्लोमाला गेला. तेव्हापासून तो विचारत नसे, कळवत असे. पोर्तुगालचंसुद्धा त्यानं व्हिसा आल्यावर कळवलं.

त्यात गुढीपाडव्यापासून कंपनीत पोर्टल आलं होतं. कोटेशन मागवणं, तुलना करणं, मंजुरी देणं, सगळं पोर्टलच करू लागलं. ज्ञानदेवांना ‘मार्गदर्शक’ असं पद देऊन जिन्याजवळच्या टेबलावर बसवण्यात आलं. तिथं त्यांच्याकडे मार्गदर्शन मागायला कुणी येत नसे. माणसं फक्त स्वच्छतागृह कुठं आहे ते विचारत. एके काळी ज्यांच्या केबिनबाहेर पुरवठादार तास तास बसत, त्या माणसाला हे फार लागलं होतं. घरी आल्यावर ते टीव्ही न लावताच टीव्हीसमोर बसू लागले होते.

अशा वेळी मुलानं विचारलं, कोणती घेऊ. ज्ञानदेवांच्या डोळ्यांत पाणीच येत होतं, पण त्यांनी ते अडवलं आणि कागद काढला.

“तिसरं कोटेशन पाठव,” ते म्हणाले. “कसंही चालेल. नियमापुरतं.”

हे ‘नियमापुरतं’ जरा समजून घ्यायला हवं. परचेसमध्ये पहिलं कोटेशन ज्याला ऑर्डर द्यायची त्याचं असतं आणि दुसरं ज्याचं भय पहिल्याला दाखवायचं त्याचं. तिसरं निव्वळ तीन भरावीत म्हणून मागवतात. ते मागणाऱ्यालाही ठाऊक असतं नि देणाऱ्यालाही. त्यामुळे तिसऱ्या कोटेशनावर कुणी वेळ घालवत नाही, आणि त्याच्यावाचून कुणाचं पानही हलत नाही.

“बरं पप्पा, बघतो,” सिद्धेश म्हणाला. त्याच्या आवाजात कसलीच घाई नव्हती. तिकडे जाऊन पोरगा शांत झाला, याचं ज्ञानदेवांना कौतुक वाटलं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी तांत्रिक समिती नेमली. खंडू सदस्य झाला, कारण तो सुभेदारच्या कारखान्यात असेंब्ली लाईनवर होता. गेली सहा वर्षं तो गाडीला डावा आरसा बसवत होता आणि उजव्या आरशाविषयी बोलायचं टाळत होता. दुसरा सदस्य दिग्विजय, मूळचा उदगीरचा, ज्ञानदेवांच्याच वरच्या खोलीत भाड्यानं राहणारा. तो झेनोच्या कारखान्यात क्वालिटीत होता. तिसरे दत्तोबा, ज्ञानदेवांचे चुलते, वय अठ्ठ्याहत्तर. त्यांची जमीन एमआयडीसीत गेली होती. सुभेदारचा पेंटशॉप नेमका त्यांच्या कांद्याच्या रानात उभा होता, म्हणून त्यांना ‘जमीनविषयक तज्ज्ञ’ म्हणून घेण्यात आलं.

पहिली बैठक बुधवारी ओसरीवर झाली. रोहिणीताईंनी मटकीची मिसळ केली होती, त्यामुळे उपस्थिती पूर्ण होती.

“इचारायचं काय त्यात?” दत्तोबांनी सुरुवात केली. “सुभेदार माझ्या रानात पिकती. माझ्या इहिरीच्या जागी त्यांची रंगाची भट्टी हाय. नातवाला घरचा माल सोडून भायेरचा कशापायी घ्यायचा? उलट कंपनीला सांगा, सालाला एक गाडी वाट्याची द्या म्हनाव.”

“तात्या, इथं गुणवत्तेवर बोलायचंय,” ज्ञानदेव म्हणाले. “खंडू, तुझं मत काय?”

खंडूनं आजूबाजूला पाहिलं. ओसरीवर घरचीच माणसं होती, तरी त्याचा आवाज खाली आला. “दादा, सुभेदार घिऊ नका.”

“तुझ्याच कंपनीची आहे ना?”

“म्हनूनच सांगतो. शेवटच्या तासाला आमाला टार्गेट आसतंय. त्या तासाला आमी काय काय बसवतो, आमचं आमाला म्हाईत. झेनो घ्या डोळं झाकून.”

दिग्विजयच्या हातातला पाव हातातच राहिला. “खंडूमामा, झेनोचं नावबी काढू नका. मी क्वालिटीत हाव. माझ्या सहीनंच भायेर जातेत त्या. महिनाअखेरला कसं पास करतोत, ते माझ्या जिवाला ठाऊक. सुभेदार घ्या काका, लई मजबूत हाय.”

दोघांनी एकमेकांच्या कंपनीची तोंड भरून स्तुती केली. ती करताना दोघांनाही आपण कुठं काम करतो याची जरा लाज वाटत होती आणि दुसऱ्याचा हेवाही वाटत होता. ज्ञानदेवांनी इतिवृत्तात नोंदवलं, ‘सुभेदार बनवणाऱ्या सदस्याने झेनोची व झेनो बनवणाऱ्या सदस्याने सुभेदारची शिफारस केली. सदस्यांच्या निःपक्षपातीपणाबद्दल समाधान व्यक्त करण्यात आले. निर्णय पुढील बैठकीत.’

त्या बैठकीत एक ठराव मात्र झाला, तो गाडीच्या आवश्यक बाबींचा. दोन चाकं, चालू इंजिन, ब्रेक, ॲव्हरेज, आणि पाचवी बाब ज्ञानदेवांनी स्वतः घातली, साडीगार्ड.

“साडीगार्ड कुणासाठी?” रोहिणीताईंनी आतून विचारलं.

“उद्या तू तिकडे गेलीस आणि मागं बसलीस, तर?”

“मी कशाला जातेय तिकडं?”

“जाशील असं म्हणत नाही. तरतूद असावी.”

रोहिणीताईंनी पुढं वाद घातला नाही. तेवढ्या महिन्यात त्यांनी कशावरच वाद घातला नाही, हे ज्ञानदेवांच्या लक्षात आलं नाही. त्या फक्त मटकी भिजत घालत राहिल्या.

मग प्रश्न आला दरांचा. परचेसच्या शिस्तीत दर सीलबंद हवेत. पण मुलगा दर पाठवणार व्हॉट्सॲपवर. ते सीलबंद करायचे कसे? ज्ञानदेवांनी तोडगा काढला. सिद्धेशनं तिन्ही दर आईच्या मोबाईलवर पाठवावेत आणि ते आल्यावर, न बघता, मोबाईल कपाटात कुलूपबंद करावा. त्याप्रमाणे रोहिणीताईंचा मोबाईल नऊ दिवस कपाटातल्या साड्यांखाली राहिला. पहिले दोन दिवस तो आत वाजत होता. तिसऱ्या दिवशी चार्जिंग संपलं. चौथ्या दिवशी रोहिणीताईंची बहीण तळेगाव दाभाड्याहून एसटी आणि रिक्षा करत घरी आली आणि दारातूनच ‘मी काय चुकले ते तरी सांग’ म्हणून रडू लागली. तिला तांत्रिक समितीचं कामकाज समजावून सांगण्यात आलं. ती आणखी जोरात रडली.

दरम्यान प्रत्यक्ष चाचणी घेणं भाग होतं. नमुना तपासल्याशिवाय माल घ्यायचा नसतो. पोर्तुगालमधली गाडी इथं आणता येत नव्हती, पण तिच्या बहिणी इथं होत्याच. खंडूनं एका मित्राची सुभेदार आणली, दिग्विजयनं रूममेटची झेनो. अठरा तारखेला संध्याकाळी, पहिल्या शिफ्टची सुट्टी झाल्यावर, दोन्ही गाड्या गावातून चाकणच्या तळेगाव चौकाकडे सोडण्यात आल्या. अंतर सात किलोमीटर. ज्ञानदेव घड्याळ, वही आणि दोन पेनं घेऊन दिग्विजयच्या मागं बसले होते.

चाचणीचा अहवाल पुढीलप्रमाणे. लागलेला वेळ, दोन्ही गाड्यांना एक तास पन्नास मिनिटं. गाठलेला सर्वाधिक वेग अकरा, तोही एका कंटेनरनं मागून हॉर्न दिल्यामुळे. ब्रेक उत्तम, दोन्ही गाड्यांचे ब्रेक संपूर्ण चाचणीत लागलेलेच होते. पिकअप, चौथा व पाचवा गिअर, वळणावरचा तोल यांची तपासणी होऊ शकली नाही. गाड्या निघाल्या त्याच वेळी दत्तोबा तंबाखू आणायला पायी निघाले होते. समिती चौकात पोचली तेव्हा ते तंबाखू घेऊन, एक चहा पिऊन, परत निघाले होते.

“तुमी बी आलाव व्हय?” त्यांनी विचारलं आणि ते पुढं गेले.

‘युरोपातील रस्त्यांसाठी दोन्ही वाहने समान आढळली,’ असं ज्ञानदेवांनी लिहिलं. त्यांना समाधान वाटत होतं. जिन्याजवळच्या टेबलापाशी बसून ते आता रोज दुपारी हा तक्ता सुधारत. परवाच स्वच्छतागृह विचारायला आलेला एक इंजिनिअर तक्ता बघून थांबला होता आणि ‘साहेब, ॲव्हरेज किती?’ असं विचारून गेला होता. रात्री ते टीव्ही लावू लागले होते. जेवताना रोहिणीताईंना कोशिंबीर वाढायला सांगू लागले होते. घरातलं हे सगळं रोहिणीताई बघत होत्या.

बावीस तारखेला समितीसमोर दर उघडण्यात आले. मोबाईल कपाटातून काढला, चार्जिंगला लावला, नातेवाइकांचे एकशे चाळीस संदेश बाजूला सारले आणि ज्ञानदेवांनी आकडे मोठ्यानं वाचले. सुभेदार, बावीसशे युरो. झेनो, तेवीसशे पन्नास. तिसरं कोटेशन सिद्धेशच्या शेजारी राहणाऱ्या आल्मेदा नावाच्या म्हाताऱ्या कोळ्याचं होतं. त्याची पन्नास सीसीची हिरवी मोपेड, मागं मासळीचं क्रेट बांधलेली. दर, नव्वद युरो. खाली सिद्धेशनं लिहिलं होतं, ‘पप्पा, आजोबांना ती विकायची नाही. तुम्ही तिसरं हवं म्हणालात म्हणून आकडा टाकून दिला त्यांनी.’

ज्ञानदेवांनी तिन्ही आकडे तक्त्यात भरले.

“एल-वन कोण आलं?” ज्ञानदेवांनी स्वतःलाच विचारलं. एल-वन म्हणजे सर्वांत कमी दर देणारा. परचेसमध्ये तोच ऑर्डरचा हक्कदार.

“ते मासळीवालं बाबा,” खंडू म्हणाला. “पर दादा, ते बाद करा की. फटफटी हाय ती.”

ज्ञानदेवांनी आवश्यक बाबींचा ठराव काढला. दोन चाकं, आहेत. इंजिन चालू, आहे. ब्रेक, आहेत. ॲव्हरेज, तिन्हींत उत्तम. राहता राहिलं साडीगार्ड. त्यांनी तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. परदेशात विकायच्या गाड्यांना कंपन्या साडीगार्ड लावत नाहीत. सुभेदारला नव्हतं, झेनोलाही नव्हतं. मोपेडचं मागचं चाक मात्र मासळीच्या क्रेटनं दोन्ही बाजूंनी पूर्ण झाकलेलं होतं. तिथं नऊवारीसुद्धा अडकली नसती.

म्हणजे मोपेड नुसती स्वस्त नव्हती. तिन्हींत पात्र तेवढी तीच होती.

“हे चुकीचं आहे, पण नियमानं बरोबर आहे,” ज्ञानदेव म्हणाले. सत्तावीस वर्षांत हे वाक्य त्यांनी अनेकदा उच्चारलं होतं, आणि आजवर त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. या वेळी मात्र त्यांनी ठराव पुन्हा एकदा वाचून पाहिला.

निवडपत्र गेलं. ‘कठोर तांत्रिक छाननीअंती आपल्या वाहनाची निवड करण्यात आली असून, क्रेट दरात समाविष्ट आहे काय याचा खुलासा करावा,’ असं त्यात होतं. सिद्धेशनं ते आजोबांना वाचून दाखवलं. सत्तावीस तारखेला उत्तर आलं. आजोबा म्हणाले होते की, एकोणीस वर्षं ते या गाडीला शिव्या घालत आले. पण जिथं मोटारसायकली बनतात, तिथल्या चार जाणत्या माणसांनी महिनाभर तपासून हीच निवडली असेल, तर तिच्यात काहीतरी असणार. आता ते ती कुठल्याही किमतीला विकणार नाहीत. ती त्यांनी धुतलीसुद्धा होती.

नियमानुसार एल-वननं माघार घेतली की सगळी प्रक्रिया रद्द होते आणि नव्यानं सुरू करावी लागते. नवी प्रक्रिया म्हणजे नवी तीन कोटेशन, नवी समिती, नवी मिसळ. या विचारातच कॅलेंडरवर तीस तारीख उजाडली होती. उद्या तो नेपाळी मुलगा स्कूटर घेऊन निघून जाणार होता आणि परवा पहाटे सिद्धेश अकरा किलोमीटर चालत जाणार होता.

ज्ञानदेव संध्याकाळी गच्चीवर गेले. समोर दोन्ही कंपन्यांच्या शेड होत्या. रस्त्यावर गाड्या खोळंबल्या होत्या. त्यांना दहावीतला सिद्धेश आठवला, तीन माहितीपत्रकं छातीशी धरून रोज विचारणारा, ‘पप्पा, झालं का?’ तेव्हा आपण त्याला दर वेळी ‘प्रोसेसमध्ये आहे’ असं सांगितलं होतं. त्यांना स्वतःची चीड आली. खाली येऊन त्यांनी तक्ता घेतला आणि दोनदा फाडला. मग तुकडे नीट घडी करून फायलीत ठेवले, कारण सवय. आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्याही सहीविना त्यांनी निर्णय घेतला. मुलाला व्हिडिओ कॉल लावला.

“सिद्धेश, सुभेदार घे,” ते म्हणाले. “समिती वगैरे मरू दे. मी सांगतो, सुभेदार घे. मला तरुणपणी तिच्यासारखीच घ्यायची होती. राहून गेली. दोनशे युरो कमी पडले तर मी पाठवतो, पण आजच घे. काय?”

पलीकडे सिद्धेशनं कपाळ चोळलं. “पप्पा...” एवढंच म्हणाला. तेवढ्यात त्याच्या मागून कुणाचा तरी आवाज आला.

“सिद्धेश, तेरी झेनो की चाबी दे ना यार, दूध लेके आता हूँ.”

ज्ञानदेवांना ऐकू कमी येत नव्हतं.

“चावी कसली?”

सिद्धेशनं मान खाली घातली. “घेतली मी पप्पा. झेनो.”

“कधी?”

“तुम्हाला विचारलं ना, त्याच्या आदल्या दिवशी. शनिवारी.”

“का झेनो? कशावरून ठरवलंस?”

“निळी होती,” सिद्धेश म्हणाला. “आवडली.”

ज्ञानदेवांनी समोरची फाईल मिटली. मग हळूच विचारलं, “मग मला विचारलंस कशाला रे?”

उत्तर मागून आलं. रोहिणीताई मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “मी सांगितलं त्याला. म्हटलं, घेतलीस तर घेतलीस, पण पप्पांना विचार एकदा. घरातल्या मोठ्यांना विचारायची पद्धत असते.”

मग एकेक कळत गेलं. सिद्धेशनं निळ्या झेनोचा फोटो व्हॉट्सॲपवर स्टेटस म्हणून लावला होता, फक्त पप्पांना दिसणार नाही अशा बेतानं. खंडूनं तो पहिल्याच रविवारी पाहिला होता. दिग्विजयनं अभिनंदनही केलं होतं. दत्तोबांकडे मोबाईल नव्हता, पण त्यांना शेजारच्या तनुजानं दाखवला होता. सगळी समिती महिनाभर, घेतलेली गाडी कोणती घ्यावी यावर, मन लावून भांडली होती.

“दादा, तुमी येवढं मनापासनं करत हुता,” खंडू दुसऱ्या दिवशी म्हणाला. “मोडवंना.”

“आनि मिसळ बी फक्कड हुती,” दत्तोबा म्हणाले.

ज्ञानदेवांनी फायलीतले तुकडे काढले, चिकटपट्टीनं जोडले आणि तळाशी लिहिलं, ‘श्री. सिद्धेश यांनी परस्पर खरेदी केलेल्या वाहनास कार्योत्तर मंजुरी देण्यात येत आहे.’ तारीख मागची टाकली. सगळ्यांनी सह्या केल्या. कामकाज नियमित झालं.

पण त्या दिवसापासून त्यांच्या डोळ्यांसमोरून एक माणूस जाईना. भोसरीचे कामठे, रबर शीटचे पुरवठादार. सोळा वर्षं ज्ञानदेवांनी त्यांच्याकडून कोटेशनं मागवली आणि एकदाही त्यांना ऑर्डर दिली नाही. द्यायचीच नव्हती, ते तिसरे होते. कामठ्यांचं कोटेशन मात्र दर वेळी वेळेवर येई, स्वच्छ टाईप केलेलं, शिक्का सरळ मारलेला, खाली ‘आपल्या ऑर्डरच्या प्रतीक्षेत’. ज्ञानदेवांनी नंबर शोधून फोन लावला. बरीच इकडची तिकडची बोलणी झाल्यावर मूळ गोष्ट काढली.

“ऑर्डर मिळणार नाही, हे तुम्हाला कधी कळलं कामठेसाहेब?”

“दुसऱ्या वर्षी,” कामठे म्हणाले.

“मग चौदा वर्षं कोटेशन का देत राहिलात?”

कामठे हसले असावेत. “तेव्हा धंदा बसला होता साहेब. घरी पोरं बोलत नव्हती. तुमच्या खात्यातून फोन आला, की वाटायचं, कुणीतरी आपल्याला विचारतंय. त्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालायचो.”

ज्ञानदेव यांच्याविषयी सांगण्यासारखं एवढंच. आता राहिलात तुम्ही. हे वाचताना तुम्हीही मनाशी सुभेदार की झेनो हे ठरवलं असणार, आणि निळ्या रंगावर गाडी घेणाऱ्या त्या पोराला चार शब्द सुनवावेत असंही वाटलं असणार. तुमचं मत चांगलंच असतं, त्यात वाद नाही. म्हणून तर मागच्या महिन्यात भाचीनं फोन करून विचारलं, ‘मामा, फ्रिज कोणता घेऊ?’ आणि तुम्ही पंखा बंद करून, चष्मा लावून, तिला चाळीस मिनिटं सगळं समजावून सांगितलंत, कॉम्प्रेसरपासून वॉरंटीपर्यंत. ती ‘हो मामा, हो मामा’ म्हणत होती. तिच्यामागं पोरांचा गलका चालला होता, तो तुम्हीही ऐकलात. पोरं फ्रिजच्या रिकाम्या खोक्यात बसून खेळत होती.